दुकानाच्या पायरीपुढचा एक मीटर

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर टेप पसरली की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मोजणी कसली चाललीया?" प्रश्न मोजणीचा असतो, भीती रुंदीकरणाची. अंबाबाईच्या मंदिराभोवती राहणाऱ्या माणसांनी विकास आराखड्यांच्या इतक्या चर्चा ऐकल्या आहेत, की टेपचं टोक भिंतीला टेकलं तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे आमचं पहिलं वाक्य रस्त्यावरच ठरलं आणि पुढे दुकानादुकानांत तेच म्हणावं लागलं: "पाडायचं काहीच नाही. आहे त्या रुंदीत लोकांना नीट चालता येईल का, तेवढंच बघतोय." ऐकणारा मान डोलवायचा आणि तरीही वाकून टेपवरचा आकडा बघून घ्यायचा.

मी वास्तुविशारद. ऑफिस छोटं, कामं नेहमीची: बंगले, दवाखाने, एखादं मंगल कार्यालय. या रस्त्यावरचे काही व्यापारी आणि वरच्या मजल्यांवर राहणारे रहिवासी एकत्र आले आणि म्हणाले, दर वेळी महापालिकेत तक्रार घेऊन जातो, एकदा नकाशा घेऊन जाऊ. तेवढा करून द्या. ही कल्पना मला इतकी आवडली की फीचं बोलणं मागे राहिलं. (अजून मागेच आहे.)

पट्टा ठरला पापाची तिकटी ते बिनखांबी गणेश मंदिर. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगायचं तर याच पट्ट्यात महाद्वार, शेजारी सोन्याचांदीची गुजरी, समोरून निघणारा ताराबाई रोड, जवळच कपिलतीर्थाची मंडई. साडी, भांडी, पूजेचं साहित्य, बांगड्या, प्रसाद, सगळं इथेच. शाहूपुरीची व्यापारपेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, राजारामपुरीच्या गल्ल्यांना तर क्रमांकच आहेत. त्या भागांची आखणी आधी झाली आणि वस्ती नंतर. महाद्वार रोडचं उलटं. मंदिराचा पश्चिमेचा मोठा दरवाजा, त्यातून बाहेर पडणारी माणसं, त्यांना काहीतरी विकणारी माणसं आणि मग त्यांची दुकानं, असा तो वाढत गेला. म्हणून समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर दर थोड्या पावलांवर बदलतं. एक छेद (म्हणजे रस्ता आडवा कापल्यावर दिसेल तसं चित्र) काढला आणि सगळ्या रस्त्याला लावला, असं इथे चालत नाही. आम्हाला बरेच छेद काढावे लागले आणि प्रत्येक छेदात भांडणाचं कारण वेगळं निघालं.

सुरुवात माणसं मोजण्यापासून केली. ठरलेल्या जागी उभं राहायचं, दर पंधरा मिनिटांना इकडून तिकडे किती गेले, तिकडून इकडे किती आले, याच्या रेघा मारायच्या. सोबत कॉलेजची मुलं होती. त्यांना मी एक जादा काम दिलं होतं: माणूस कुठून चालतो तेही लिहा. फूटपाथवरून, दुचाक्यांच्या रांगेबाहेरून की थेट रस्त्याच्या मधून? कागद भरत गेले तसं चित्र उघड झालं. फूटपाथ जिथे आहे तिथेही माणसं त्यावर नव्हती. फूटपाथवर कपडे घातलेले दुकानांचे पुतळे होते, साड्यांचे स्टँड होते, उघडलेल्या खोक्यांची चळत होती. त्याबाहेर दुचाक्या. त्याबाहेर हातगाडी. आणि हातगाडीच्याही बाहेर, रिक्षांच्या हॉर्नसमोर, हातात ओटीचं ताट घेतलेली बाई.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आयआरसी १०३. त्यांच्या २०१२ च्या आवृत्तीत व्यापारी भागासाठी चालायला मोकळी अडीच मीटर रुंदी सांगितली आहे आणि गजबजलेल्या व्यापारी भागासाठी चार. दोन्ही बाजूंना चार-चार धरले तर महाद्वार रोडवर बऱ्याच ठिकाणी गाड्यांसाठी नावापुरती पट्टी उरते. त्याच सूचनांमध्ये एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती मुख्य आकड्यापेक्षा मोलाची वाटते. दुकानांना लागून जो फूटपाथ जातो, त्याचा भिंतीकडचा भाग चालण्याच्या हिशेबात धरायचा नसतो. लोक काचेतलं बघत उभे राहतात, दारातून आत-बाहेर करतात. त्यासाठी बाजारपेठेत साधारण एक मीटर सोडून द्यायचा आणि चालण्याची रुंदी त्यापुढे मोजायची. हे लिहिणाऱ्याने आमच्या भागातलं लग्नाचं बस्त्याचं खरेदी-पथक पाहिलेलं नसावं. नवरीची आई थांबली की मावशी थांबते, मावशीमागे आत्या, आणि आत्याच्या हातातली दोन मुलं. तिथे एक मीटर कुठचा पुरतो! तरीही नियमात ही जागा आहे, हेच आम्हाला हवं होतं. पायरीपुढचा तो मीटर दुकानाचा की रस्त्याचा, यावरच पुढचं सगळं बोलणं फिरलं.

व्यापाऱ्यांच्या पहिल्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे पार्किंग निघालं. या शहराने रस्त्यांच्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि २०१५ साली टोल घालवला. त्या शहरात रस्त्याविषयीची बैठक हळू आवाजात होईल असं समजणारा माणूस बाहेरगावचाच. "गाडी दारात लागली न्हाई तर गिऱ्हाईक थांबत न्हाई, मॅडम. राजारामपुरीला जातंय." हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून आलं. मी वाद घातला नाही, कारण आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. फक्त एक संशय होता.

त्यासाठी गाड्यांची पाहणी केली. पद्धत सोपी, काम कंटाळवाणं. दुकानं उघडायच्या वेळेपासून दर तासाला एकाच बाजूने चालत जायचं आणि उभ्या दुचाक्यांचे शेवटचे चार आकडे लिहायचे. गिऱ्हाइकाची गाडी एका फेरीत दिसते, फार तर दोन फेऱ्यांत. जी गाडी सकाळच्या फेरीत दिसते, दुपारी दिसते आणि दिवे लागल्यावरही तिथेच असते, ती खरेदीला आलेली नसते. आमच्या कागदावर एकेका आकड्यापुढे बरोबरच्या खुणांची लांबलचक रांग झाली. दारातली जागा गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली होती खरी, पण तिच्यावर मालक आणि कामगार यांच्याच गाड्या दिवसभर उभ्या होत्या. बाहेरगावचं गिऱ्हाईक बिंदू चौकात किंवा आणखी लांब गाडी लावून पायीच येत होतं.

पुढच्या बैठकीला तो कागद भिंतीवर लावला. नावं अर्थातच नव्हती, फक्त आकडे. क्षणभर शांतता, आणि मग मागून एक आवाज: "आरं, ही चौथी तर तुझीच की!" हशा झाला. ज्यांची गाडी होती ते काकाही हसले आणि म्हणाले, "मग काय डोक्यावर घिऊन येऊ?" प्रश्न रास्त होता. पहाटे मंडईत जाऊन, दुकान उघडून, दुपारी घरी जेवायला जाणारा माणूस गाडी ठेवणार कुठे? दारातली जागा काढून घ्यायची असेल तर आधी दुसरीकडे द्यावी लागेल. व्यापाऱ्यांसाठी मासिक पासवर वेगळी पार्किंगची जागा, ही मागणी त्या बैठकीतून आली आणि नकाशाबरोबरच्या पत्रात ती पहिल्या क्रमांकावर गेली. माझ्या चित्रांपेक्षा त्या एका ओळीवर जास्त काही अवलंबून आहे, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

पुण्याचं उदाहरण कुणीतरी काढणारच होतं. लक्ष्मी रोड २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद होतो. "एक दिवस कुणीबी बंद करंल," एका अण्णांनी निकाल दिला, "आमी तर नवरात्रात नऊ दिवस बंद ठेवतोय." त्यातली पुण्याला मारलेली कोपरखळी बाजूला ठेवली तरी मुद्दा पक्का होता. चेन्नईचा पाँडी बाजार २०१९ साली पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधला, पण तो रस्ता आमच्यापेक्षा कितीतरी ऐसपैस. त्याचे फोटो दाखवले की लोक खूश होतात आणि नकाशा करणारा अडचणीत येतो. दिल्लीच्या चांदणी चौकाची गोष्ट मात्र कामाची. तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्या बंद. म्हणजे रस्ता कायमचा कुणाच्या नावावर केलेला नाही, घड्याळाने वाटून दिलाय.

मग अण्णांच्याच नवरात्राचा आधार घेतला. गर्दीच्या सणात इथे पोलीस बॅरिकेड लावतात, गाड्या थांबतात. प्रयोगासाठी परवानगी मागायची गरजच नव्हती, प्रयोग दरवर्षी होत होता, फक्त कुणी तो लिहून ठेवत नव्हतं. आम्ही त्या दिवसांत तेच छेद पुन्हा पाहिले. माणसं आपोआप रस्त्यावर पसरली, पण एक गोष्ट लक्षात राहिली: गाड्या नसतानाही लोक मधल्या भागातून भराभर पुढे सरकत होते आणि दुकानांच्या कडेने रेंगाळत होते. घाईचा प्रवाह मधे, निवांत प्रवाह कडेला. आणि ज्या दुकानांनी माल पायरीच्या आत ठेवला होता, त्यांच्या दारात माणसं जास्त वेळ उभी होती, कारण उभं राहायला जागा होती. हे मी तिथल्या तिथे दोन-तीन दुकानदारांना बाहेर बोलावून दाखवलं. नकाशावर सांगून पटलं नसतं.

फेरीवाल्यांकडे मी जरा उशिरानेच गेले, आणि तिथे शिकायला सगळ्यात जास्त मिळालं. पथ विक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचं, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. कायदा वाचून मी नकाशात त्यांच्यासाठी पट्टा आखला होता: आधी दुकान, मग पाहण्याचा एक मीटर, मग चालण्याची वाट, मग विक्रेत्यांचा पट्टा आणि त्याच्या पलीकडे गाड्या. विक्रेत्यांचं तोंड चालणाऱ्यांकडे, पाठ गाड्यांकडे. चालणाऱ्याला दोन्ही हातांना बाजार. कागदावर फार देखणं दिसत होतं.

गजरे विकणाऱ्या एका मावशींना ते दाखवलं. त्यांनी नकाशा नीट पाहिला, उलटा धरून पुन्हा पाहिला आणि विचारलं, "ह्यात ऊन कुठाय?" मला कळेना. "सकाळी आमी हिकडं बसतोय, दुपारी तिकडं सरकतोय. तुमी आमाला एका जागी खिळा मारणार, मग फुलं वाळत्यात न्हवं का?"

महाद्वार रोड ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. सकाळी मंदिराच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूच्या इमारतींची सावली त्या कडेला असते. दुपार कलली की सावली पश्चिमेच्या दुकानांपुढे येते आणि पूर्वेची कड तापते. संध्याकाळच्या खरेदीची गर्दी तेवढ्यासाठीच पश्चिमेच्या कडेला झुकते. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखा फूटपाथ हा हट्ट आम्ही सोडला. पश्चिमेला जास्त रुंदी दिली, पूर्वेला कमी. फक्त महाद्वाराच्या अलीकडे-पलीकडे हे प्रमाण फिरवलं, कारण तिथे दर्शन घेतलेली माणसं पूर्वेच्याच बाजूला बाहेर पडतात, चपला शोधतात, हरवलेल्या माणसांना फोन लावतात. विक्रेत्यांच्या जागा दोन्ही कडांना आखल्या, पण प्रत्येकाला एकच कायमची जागा देण्याऐवजी सकाळची एक आणि दुपारची एक, अशा जोड्या सुचवल्या. दुकानदारांचा आक्षेप होता, आमचं दुकान झाकतं. त्यावर तोडगा म्हणून दाराच्या समोरची जागा मोकळी आणि विक्री दोन दुकानांमधल्या भिंतीसमोर, गाडीवरचं छत दुकानाच्या पाटीखाली. हे अजून सगळ्यांना मान्य नाही. दोन दुकानांमधल्या भिंतीसमोर म्हणजे नेमकं कुणासमोर, यावर तिथे दोन भाऊ भाऊच भांडताना मी पाहिले आहेत.

झाडांचा विषय मला वाटला होता त्यापेक्षा लवकर संपला. पादचारी रस्ता म्हटला की चित्रात झाडं येतातच. पण महाद्वारासमोर झाड कसं लावणार? नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात; पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. किरणोत्सवाच्या वाटेत ताराबाई रोडच्या बाजूच्या इमारतींचे, पाट्यांचे अडथळे येतात ही तक्रार शहरात जुनी आहे. त्या रेषेत आम्ही एक झाड, एक खांब किंवा एखादी उंच कमान दाखवली असती तर नकाशा त्याच दिवशी संपला असता, आणि योग्यच झालं असतं. म्हणून नकाशावर एक तिरपी पट्टी आखली आणि तिच्यात जमिनीपासून वर काहीही येणार नाही असं लिहिलं. दिवेसुद्धा भिंतींवर. सावलीसाठी दुकानांचे छज्जे आणि उन्हाळ्यापुरती कापडं, तीही पट्टीबाहेर.

गाड्या अडवायला दगडी खुंट मारायचे, हा सगळीकडचा रिवाज. इथे त्याला आडवा येतो गणपती. विसर्जनाची मिरवणूक मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशी जाते. ट्रॅक्टर, त्यामागे मूर्ती, भोवती ढोल-ताशा, लेझीम आणि अख्खी तालीम. नवरात्रातल्या अष्टमीला देवीची नगरप्रदक्षिणा निघते. त्यामुळे खुंट काढघाल करता येणारे, जमिनीत पक्की खोबण आणि वर झाकण. कुंड्या, बाकं, कारंजी यातलं काहीही मधे नाही. आगीचा बंब सरळ जाईल एवढी, साडेतीन-चार मीटरची वाट कायम मोकळी. एका तरुण मंडळाच्या कार्यकर्त्याने सगळा आराखडा ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "आमचा ट्रॅक्टर वळंल न्हवं?" वळेल हे दाखवणारं वेगळं चित्र आम्हाला काढावं लागलं. पंधरा पानी अहवालात सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं पान तेच.

फरशीसाठी आमचा काळा बेसॉल्ट ठरत होता. मंदिर परिसराला तो शोभतो, टिकतो. पण इथे माणसं अनवाणी चालतात. महाद्वारापाशी चपला ठेवून, काही जण नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालता. एप्रिलच्या दुपारी काळ्या दगडावर पाय ठेवून पाहा. उलट गुळगुळीत केलेला फिकट दगड पावसाळ्यात घसरतो, आणि कोल्हापूरचा पाऊस काही पाहुण्यासारखा येत नाही. शेवटी चालण्याच्या वाटेला फिकट रंगाचा खरखरीत दगड, काळा दगड फक्त कडांना आणि खुणांना, असं ठरलं. दिसायला ते माझ्या पहिल्या चित्राइतकं रुबाबदार नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं जुन्या डांबरावर नवं डांबर चढवत गेल्यामुळे रस्ता वर आला आणि काही जुनी दुकानं खाली गेली. अशा दुकानांपुढे पायरी आता उतरते. फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत ठेवायचा आमचा विचार होता, म्हणजे व्हीलचेअर, बाळगाडी, म्हातारी माणसं कुणालाच चढउतार नको. पण कडेचा दगडच काढला तर पावसाचं पाणी दुकानात जाणार, ही भीती खरी आहे. एकच उपाय उरतो: जुनं डांबर खरवडून काढायचं, रस्ता पुन्हा खाली न्यायचा, ढाळ भिंतीकडून मधल्या बाजूला द्यायचा आणि चालण्याच्या वाटेबाहेर झाकलेली गटार घ्यायची, जिच्या जाळीत म्हातारीची काठी अडकणार नाही. खर्च इथे वाढतो. फोटोत हा खर्च दिसत नाही, म्हणून तो कुणाला करावासा वाटत नाही. जमिनीखालच्या नळ-केबलींचं काम त्याच वेळी एकदमच करा, हे वाक्य मी अहवालात ठळक टाइपात छापलं. दगड बसवल्यावर पुढच्याच महिन्यात तो उकरला जातो, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

वेळापत्रक असं बसलं. सकाळी दहापर्यंत मालाच्या गाड्या. त्यानंतर रात्री बाजार उठेपर्यंत बाहेरच्या गाड्या बंद; रहिवाशांना पास, रुग्णवाहिका आणि बंब कधीही. गंगावेशीकडून मिरजकर तिकटीला जाण्यासाठी हा रस्ता निव्वळ जवळचा म्हणून वापरणारे खूप आहेत, त्यांना वळसा पडेल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, मुलगी माहेरी आली तर तिची रिक्षा कुठे थांबणार? पासच्या नियमात 'घरी आलेल्या पाहुण्यांना सोडण्यापुरती' अशी ओळ घातली. ती कशी राबवणार, हे वाहतूक पोलिसांनी विचारलं तेव्हा मी आजोबांकडे बोट दाखवलं.

आराखडा आता दिलेला आहे आणि खर्चाच्या अंदाजाला गेलाय. तो कधी परत येईल ते येईल. दरम्यान एका टप्प्यातल्या दुकानदारांनी स्वतःहून ऑइलपेंटचा डबा आणला आणि पायरीपासून एक मीटरवर पांढरी रेघ मारून घेतली. रेघेच्या आत गिऱ्हाईक उभं राहील, माल नाही. रेघेच्या बाहेर माणसं चालतील, मालकाची गाडी नाही. पुतळे आत गेले आहेत. गाड्यांचं अजून निम्मं-शिम्मं आहे. निदान दारात गाडी लावताना माणूस आता इकडेतिकडे बघतो. परवा त्याच टप्प्यातल्या एका काकांचा फोन आला. मला वाटलं, रेघ पुसायची म्हणतील.

"मॅडम, जरा टेप घिऊन या की. समोरच्यानं त्याची रेघ सव्वा मीटरवर मारलीया, त्याच्या दारात लोकं जास्त थांबाय लागलीत. आमची दीड करून द्या."